पेवातली दुपार

कॉर्क, आयर्लंड, रविवार

प्रिय सुध्या,

दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, रागावला असशीलच. माझी तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं.

काल मी जमिनीखाली अडकलो आणि तू आठवलास.

इथे शेताशेतांत मातीचे गोल बांध दिसतात. त्यांना रॅथ म्हणतात, दगडी असला तर कॅशेल. देशभर ४५ हजारांच्या आसपास आहेत, बहुतेक सन ६०० ते ९०० च्या दरम्यानचे. म्हणायला किल्ले, पण अजिंक्यतारा पाहिलेल्या तुला हसू येईल. आत शेतकऱ्याचं घर, आणि लांडग्यांपासून, चोरांपासून राखलेली गुरं. गुरांवरच माणसाची पत ठरायची. आमच्या शेजाऱ्याच्या आजोबांनीही त्यांच्या रॅथवर नांगर घातला नाही, परी लोकांची जागा म्हणून. अशा भीतीनेच कितीतरी वाचलेत.

त्याच रॅथखाली भुयार आहे. मातीत कोरलेल्या छोट्या खोल्या आणि मधे बिळाएवढी वाट. एरवी दूध-लोणी गार राहायचं. धाड पडली की बायकामुलं आत. गुलाम म्हणून माणसंच पळवून न्यायचे रे! ती वाट मुद्दाम अरुंद, म्हणजे लुटारूला एकट्यानेच, डोकं पुढे करून सरपटत यावं लागे. पलीकडे काठी घेऊन एक म्हातारी बसली तरी पुरे. तुझी आत्या असती तर धाडच पडली नसती.

तिथे माझे खांदे अडकले. मिनिटभरच. पण त्या मिनिटात मी तुमच्या वाड्यातल्या पेवात होतो.

तू चेंडू काढायला उतरलास. झाकण मी लावलं, सुध्या. गंमत म्हणून. तेवढ्यात तुझे आजोबा आले आणि मी पळालो. संध्याकाळी विचारलं तेव्हाही 'माहीत नाही' म्हणालो. आपण बॅटवरून चार वर्षं भांडलो (बॅट माझीच होती, आजही म्हणतो), पण पेवाचा विषय तू कधी काढला नाहीस. वहिनी मागे म्हणाल्या, तू अजून लिफ्टने जात नाहीस. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

गौरीचं ठरलं म्हणे, फार आनंद झाला. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

फोन नको, लिहून कळव: झाकण सरकताना तुला माझा हात दिसला होता का?

तुझाच,
विन्या