दुपारी मचाण सोडू नकोस

लान्सिंग, ३ नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

तुझे तीन निरोप येऊन पडले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, आधी त्याबद्दल कान धरतो. गुडघा बरा आहे, टाके निघाले. शिडी मात्र जानेवारीपर्यंत बंद. म्हणजे यंदा पंधरा तारखेला हरणाच्या शिकारीला दलदलीकडच्या मचाणावर तू एकटाच. त्यावर आता काही लिहीत बसत नाही, तुला कळतं.

पण काल तू पाठवलेलं वेळापत्रक वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. ‘सकाळी सात ते नऊ, मग केबिनवर खिचडी आणि झोप, परत चार ते अंधार पडेपर्यंत.’ अरे, हे ऑक्टोबरचं वेळापत्रक झालं! ऑक्टोबरात नर पोटासाठी हिंडतो, त्यामुळे झुंजुमुंजू आणि कातरवेळ या दोनच वेळा खऱ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर तो खाणं जवळजवळ सोडून माद्यांमागे असतो. मादी माजावर राहते जेमतेम एक-दोन दिवस. ते दोन दिवस नर तिला सोडत नाही. तिचा माज ओसरला की त्याच क्षणी दुसरीच्या शोधात निघतो, मग घड्याळात पहाटेचे सहा असोत की दुपारचा एक.

दुपारी नेमकं काय होतं ते नीट सांगतो. माद्या उजाडताना शेतातून परततात, सीडरच्या झाडांच्या दाटीत बसतात आणि रवंथ करतात. दहा-अकराच्या सुमारास उठतात, अंग ताणतात, आसपासचे चार कोंब खुडतात, पुन्हा बसतात. शोधात असलेल्या नराला त्या कुठे बसतात ते पक्कं ठाऊक असतं. तो झाडीत शिरत नाही. वारा झाडीतून ज्या बाजूला बाहेर पडतो, त्या बाजूने कडेकडेने एक फेरी मारतो. आत माजावर कोणी आहे का, ते त्याला एवढ्यात कळतं. नसेल तर पुढची झाडी. दलदल आणि टेकाडावरचे ओक यांच्यामधली चिंचोळी पट्टी ही त्याची एका झाडीकडून दुसरीकडे जायची वाट, आणि आपलं मचाण तिथेच आहे. दहा ते दोन तिथून हलू नकोस. शिवाय पंधरा तारीख म्हणजे मिशिगनमध्ये बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस. साडेनऊ-दहाला आजूबाजूची मंडळी गारठून, भुकेजून उतरतात आणि गाडीकडे चालू लागतात. त्यांच्या पावलांनी उठलेली हरणं दाटीकडे येतात. तू त्या वेळी खिचडीला फोडणी देत असलास तर ती शेजाऱ्यासाठी उठतील.

‘कॅमेऱ्यात दुपारचा एकही फोटो नाही’ असं तू लिहिलंस. कॅमेरा कुठे बांधलाय ते आठव. शेताच्या कडेला, खुरांनी उकरलेल्या मातीसमोर. त्या उकिरीवर नर येतात ते बहुतेक रात्रीच, आणि माद्या खऱ्या माजावर आल्या की तिकडे फिरकणंही कमी होतं. दुपारची हालचाल झाडीच्या आत असते, तिथे कॅमेराच नाही. आणखी एक. काल रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. कॅमेऱ्याचं घड्याळ आपोआप मागे जात नाही. ऑक्टोबरच्या फोटोवरचे आठ म्हणजे आताचे सात. तुझ्या वहीतल्या सगळ्या नोंदींतून एक तास वजा कर, नाहीतर सकाळी सगळं आटोपल्यावर चढशील.

आता चंद्र. तू पुन्हा त्रिपुरी पौर्णिमेचा हिशोब काढणार हे मला माहीत आहे, आणि मी पुन्हा भांडणार. २०२३ला ती महिनाअखेर आली, यंदा पहिल्याच आठवड्यात येतेय. माद्यांच्या माजाचा काळ मात्र दर वर्षी तोच, कारण तो दिवसाच्या लांबीवर ठरतो. गर्भ साधारण दोनशे दिवसांचा. नोव्हेंबरच्या मध्यावर गाभण राहिली की पाडस मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, हिरवा चारा भरपूर असताना. उशिरा झालेलं पाडस इथल्या हिवाळ्यात टिकत नाही. निसर्गाने ही तारीख चंद्रावर सोडलेली नाही. (या पहिल्या फेरीत राहिलेल्या माद्या अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा माजावर येतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यालाही थोडी धावपळ दिसते. तेव्हा येईन मी, मचाणाखाली खुर्ची टाकून!)

चंद्रापेक्षा पारा बघ. अंगावर हिवाळ्याची लोकर चढलेली असते, त्यामुळे दिवसा पंचावन्न-साठ फॅरेनहाइट असेल तर नर माद्यांमागे रात्रीच पळतो, आणि उजेडात हाती येते ती सकाळची पहिली घटका. तशा दिवशी सकाळ सोडायची नाही, दुपारी थोडी ढील दिलीस तरी चालेल. थंडीची लाट आली, पारा रात्रीतून वीस अंशांनी उतरला, की मात्र दिवसभर बस. पाऊस थांबल्यानंतरचा पहिला तास कुठल्याही वेळी आला तरी तो चुकवू नकोस.

तुझ्या चार दिवसांतला शनिवार, म्हणजे पंधरा तारीख, सगळ्यात मोलाचा, कारण हरणांना अजून बंदुकीची चाहूल लागलेली नसते. त्या दिवशी अंधारात चढ आणि अंधारातच उतर. रविवारपासून ती उघड्यावर यायची टाळतात, तेव्हा शेताच्या कडेची संध्याकाळ जवळपास बाद. सोमवार-मंगळवार थकला असशील तर पहाट सोड, पण साडेनऊला चढून तीनपर्यंत बस. हे तुला उलटं वाटेल. तरी ऐक.

साडेसातच्या आसपास सूर्य उगवतो, म्हणजे कायद्याने सातला सुरुवात. सव्वासहाला तू वर, पट्टा बांधून, गप्प बसलेला हवास. शेतातून चालत जाऊ नकोस, त्या वेळी माद्या तिथेच चरत असतात. एकीने फुसकारा टाकला की सकाळ संपली. मागच्या ओढ्याकडून जा. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची, शिडीवर पहिल्या पायरीपासून हार्नेस. जाड कोट पाठीवर बांधून ने, घालून चाललास तर घामाने भिजशील आणि नऊ वाजता कुडकुडत उतरशील. बहुतेकांची दुपार अशीच हुकते. केशरी जाकीट सगळ्यात वर दिसलं पाहिजे. खायला गूळ-शेंगदाणे आणि पोळीचा रोल, कुरकुरणारं पाकीट नको. लसणाची चटणी घरी ठेव, वहिनींना माझं नाव सांग. बाळ्याला शेजारी बसवू नकोस, तो घोरतो.

वाऱ्याचं लक्षात ठेव. पहाटे गार हवा उताराने दलदलीकडे सरकते. नऊच्या सुमारास ऊन टेकाडावर पडलं की ती वर चढू लागते आणि तुझा वास दलदलीतून निघून जातो, दुपार चांगली असायचं हेही एक कारण. ऊन उतरलं, वारा पडला, की वास पुन्हा खाली साचतो. म्हणून पश्चिमेचा वारा नसेल तर संध्याकाळी त्या मचाणावर बसूच नकोस.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. शेवटची वीस मिनिटं. सूर्य सव्वापाचच्या आसपास बुडतो, कायदा पावणेसहापर्यंत मुभा देतो. पण सीडरच्या सावलीत साडेपाचलाच मागचं काही दिसेनासं होतं. दुर्बिणीतून उजेड आहे असा भास होतो, डोळा काढला की कळतं. हरणाच्या पलीकडे काय आहे ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर घोडा ओढू नकोस, मग समोर कितीही मोठी शिंगं असोत. दुपारी झाडलेल्या गोळीनंतर माग काढायला चार तास उजेड असतो. संध्याकाळी झाडलीस तर हातात टॉर्च.

गोळी लागली की जागेवरच थांब, हरीण कुठून कुठे गेलं ते झाडांच्या खुणेने लक्षात ठेव. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासाने निघ. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास थांब. हिरवट, आंबूस वासाचं काही दिसलं तर पोट. तेव्हा आठ-दहा तास त्या दिशेला पाऊलही टाकायचं नाही. लगेच मागे गेलास तर ते उठून दलदलीत जाईल आणि जखमी जीव कुठेतरी तडफडत पडेल. संध्याकाळी पोटात लागलं तर सकाळपर्यंत थांबावं लागतं. रात्र चाळीस फॅरेनहाइटपेक्षा उबदार असेल तर मांस खराब होतं, नाहीतर कोल्ह्यासारखे कोयोटी पोचतात. म्हणून म्हणतो, दुपार धर. पोट साफ करताना मागच्या पायांच्या आतल्या काळ्या ग्रंथींना हात लावू नकोस, लागला तर हात-सुरी धुतल्याशिवाय मांसाला लावू नकोस. बाहत्तर तासांत शिकारीची ऑनलाइन नोंद.

मुक्ताच्या कॉलेजचं कळलं, फार बरं वाटलं. आईंच्या कानाच्या यंत्राचं काय झालं? नव्या घराचे फोटो पाठव.

केबिनची चावी नेहमीच्या जागी. संध्याकाळी शेतात हरणं असतील तर उतरू नकोस, शेजारच्या आजोबांना ट्रक फिरवायला सांगितलंय. गाडीला हरणं तेवढी बुजत नाहीत. खाली उतरलास की निरोप टाक. सातपर्यंत आला नाही तर मी त्यांनाच टेकाडाकडे पाठवीन, मग ओरडू नकोस.

तुझा,
शऱ्या