दुपारच्या मैफलीआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, तुझी व्हायोला आणि चेलो अशा चौघांचा, कार्यक्रम ठरला, हे ऐकून फार आनंद झाला. पण "दुपारचाच तर आहे, पाऊण तासाचा" असं तू फोनवर म्हणालीस, ते काही मला पटलं नाही. म्हणून लिहायला बसले.

दुपारी येणारा माणूस जेवणाची सुट्टी खर्चून येतो. गाणं संपलं की त्याला परत कामावर हजर व्हायचं असतं. त्याच्यासाठी तेवढाच वेळ मोकळा असतो आणि तो तुम्हाला देतो. १९३९ साली युद्धामुळे लंडनमधल्या संध्याकाळच्या मैफली बंद पडल्या. नॅशनल गॅलरीतली चित्रंही सुरक्षित जागी हलवली होती. तेव्हा मायरा हेस या पियानोवादक बाईंनी त्याच इमारतीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. पहिली मैफल १० ऑक्टोबरला झाली आणि एप्रिल १९४६ पर्यंत त्या चालू राहिल्या. शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हाही लोक येऊन बसत होते. त्यांना कुणी दुय्यम श्रोते म्हणेल का?

तुम्ही निवडलेल्या दोन्ही रचना मला आवडतात. संगीतकार हायडनच्या १७८१ च्या क्वार्टेट-संचातली ती ई फ्लॅट सुरातली, ओपस (म्हणजे रचनांचा अनुक्रम) ३३ क्रमांक २, या वेळेला अगदी शोभते. तिच्या शेवटी धून तुकड्यातुकड्यांनी येते, मध्ये शांतता. संपलं असं वाटून लोक टाळ्या वाजवू लागतात, आणि मग पहिलाच तुकडा अगदी हळू आवाजात परत येतो. तिथे चौघांनीही गज तारेजवळच धरून ठेवा. एकाचा जरी हात खाली आला तरी सगळी गंमत गेली. हायडनने त्या शांततेच्या मात्रासुद्धा मोजून लिहिल्या आहेत, त्या पूर्ण मोजा. घाबरून लवकर सुरू करू नका.

आणि दुसरी रचना, संगीतकार ड्वोर्झाकचं 'अमेरिकन' क्वार्टेट, १८९३ चं. तो स्वतः व्हायोला वाजवायचा, म्हणूनच की काय, सुरुवातीची धून त्याने तुझ्या हातात दिली. दोन्ही व्हायोलिन वर थरथरत असतात, चेलो खाली एकच स्वर धरून असतो आणि तिसऱ्या मापात, म्हणजे तालाच्या तिसऱ्या घरात, तू येतेस. व्हायोला एवढी ठळकपणे पुढे येते असे प्रसंग थोडेच. पण मला खरी काळजी आहे ती दुसऱ्या भागाची. तिथे वरच्या व्हायोलिनची लांब, दुखरी धून चालू असते आणि मधले आवाज सतत हलत राहतात. तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये तू तिथे जपून, जवळजवळ लपून वाजवते आहेस. तसं करू नकोस गं. मधला आवाज खचला की वरची धून लोंबकळत राहते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी उणं आहे हे त्याला कळतं. शेवटी चेलो ती धून घेतो, तेव्हाही त्याला तुझा आधार लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट. तू श्रोत्यांच्या उजवीकडच्या टोकाला बसलीस तर तुझ्या वाद्याची छिद्रं मागच्या भिंतीकडे होतात आणि आवाज श्रोत्यांकडे कमी जातो. आत बसून चेलोला कडेला बसवता येईल का, ते चौघं मिळून ठरवा. सकाळी हॉल मिळाला की एकेकाने मागच्या रांगेत जाऊन ऐका, बाकी तिघांनी वाजवा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज जास्त घुमतो, तेही धरून चला. तारा आतच जुळवून या. रंगमंचावर जुळवत बसलात तर तो वेळ लोकांच्या सुट्टीतून जातो.

कार्यक्रम वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा. अमेरिकनची पहिली चार मापं तेवढी रेकॉर्ड करून उद्या पाठव, मला ऐकायची आहेत.

तुझी,
आई