निअँडरथल आपला की परका?

संपादक महोदय,
स.न.

निअँडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला आदिमानव, आपल्याच प्रजातीचा की वेगळा यावर तुमच्याकडे पत्रं येतायत, पण दोन्हीकडची मंडळी धरूनच चाललीयेत की प्रजातीची पक्की व्याख्या कुठेतरी लिहून ठेवलीय. तशी ती नाहीये हो. शाळेत शिकवतात ती जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांची, १९४२ ची. ज्यांना आपसात पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पुढे होतात ती एक प्रजाती. घोडा-गाढवाला ती चालते, खेचर सहसा वांझच असतं. पण बॅक्टेरियाला जोडीदारच लागत नाही, एकाचे सरळ दोन होतात, त्यांना ही व्याख्या कशी लावणार? आणि डायनासोरची नुसती हाडं बघून कोणाचं कोणाशी जमत होतं हे कोण सांगणार?

निअँडरथलला विल्यम किंग यांनी १८६४ मध्ये वेगळं नाव दिलं तेही हाडांवरूनच. मग २०१० मध्ये जुन्या हाडांतला डीएनए वाचणारे शास्त्रज्ञ स्वांते पाबो आणि त्यांच्या टीमने त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तर आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्याचा एक-दोन टक्के डीएनए निघाला. त्याहून भारी म्हणजे सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतला हाडाचा तुकडा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, २०१८ मध्ये कळलं की तो एका मुलीचा आहे, आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेला दुसरा एक आदिमानव! मायरचा नियम कडक लावला तर हे सगळे एकच. तरी बरेच शास्त्रज्ञ कवटीची ठेवण बघून वेगळं नाव ठेवतात, आणि आपल्यातला निअँडरथल डीएनए एक्स क्रोमोसोमवर (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक) फारच कमी उरलाय, म्हणजे तिथला तो पिढ्यांमागून गळून गेला, ते नातं तितकंसं मानवलं नसावं. मला विचाराल तर वेगळं नाव राहू दे, सोयीचं आहे, फक्त ती रेघ निसर्गाने मारलीय असं समजू नका.

पण व्याख्याच ढिली आहे तर गोरे-काळे वेगळ्या प्रजातीचे का नाहीत, असं जे एकाने लिहिलंय ते साफ चूक. कुठलीही दोन माणसं घ्या, डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा. उरलेल्या फरकातलाही सुमारे ८५ टक्के एकाच समाजातल्या माणसा-माणसांत सापडतो, हे आनुवंशशास्त्रज्ञ लेवाँटिन यांनी १९७२ मध्येच दाखवलंय. मायरची घ्या, कवटीची घ्या नाहीतर डीएनएची, आज जिवंत असलेली सगळी माणसं एकाच खात्यात पडतात. त्या पत्रलेखकांनी कुठली व्याख्या लावून माणसं वेगळी काढली तेवढं कळवावं.

आपला,
एक वाचक