काम्पुंग नागाला येण्याआधी

बांडुंग, पश्चिम जावा, इंडोनेशिया

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘वीज नको म्हणणारं गाव चालतं तरी कसं?’ दोन वाक्यांत उरकण्यासारखं उत्तर नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. ऑगस्टात तुम्ही आलात की आपण तिथे जाणारच आहोत. तेव्हा गाव कसं आहे, तिथे कसं वागायचं, आईने काय खायचं, गुडघ्यांचं काय करायचं, सगळं या पत्रातच सांगते.

गावाचं नाव काम्पुंग नागा. काम्पुंग म्हणजे वाडी. तासिकमलाया जिल्ह्यात, सालावू तालुक्यात, नेगलासारी गावाच्या हद्दीत ही वाडी येते. गारुतहून तासिकमलायाला जाणारा वळणावळणांचा घाटरस्ता आहे, त्याच्या कडेला खोल दरीत ती वसली आहे. खालून चिवुलान नदी वाहते. ती गारुतकडच्या चिकुराय डोंगरात उगम पावते आणि वाडीला वळसा घालून पुढे जाते. पश्चिमेला टेकडीवर राखीव देवराई, तिच्यात मूळ पुरुषाचं थडगं. दक्षिणेला पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. मधल्या जेमतेम दीड हेक्टरात शंभरावर घरं, एक मशीद, एक सभागृह आणि ‘बुमी आगंग’ नावाचं पवित्र घर. माणसं पश्चिम जावातल्या सुंडा समाजाची, धर्माने मुसलमान, आणि पूर्वजांच्या चालीरीतींना घट्ट धरून राहणारी.

इतक्या कमी जागेत इतकी घरं, तीही बांबूची आणि गवताने शाकारलेली. इथे आगीचं भय सर्वांत मोठं, आणि विजेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. छपराला आधी गवत किंवा तेपुस नावाच्या झाडाची पानं, वर ‘इजुक’चा थर. आरेन नावाचं माडासारखं झाड असतं, त्याच्या खोडाभोवतीचा काळा, राठ काथ्या म्हणजे इजुक. पाऊस त्याच्यातून झिरपत नाही, तो सहज कुजत नाही, नीट बसवला तर कित्येक वर्षं टिकतो. पण वायरीची एक ठिणगी पडली तर एक घर जळून भागत नाही, ओळच्या ओळ जाते. दुसरं कारणही गावकरी तितक्याच ठामपणे सांगतात: वीज आली की एकाकडे फ्रीज येतो, दुसऱ्याकडे येत नाही, आणि एकसारख्या घरांतली माणसं एकसारखी राहत नाहीत. कंदील, पेट्रोमॅक्स आणि चुलीवर त्यांचं चालतं. काही घरांत गाडीच्या बॅटरीवर छोटा टीव्ही लागतो, मोबाइलही आहेत. बाहेरचं काही नकोच, असा त्यांचा हट्ट नाही. २००७ पासून सरकारने देशभर रॉकेलऐवजी गॅस द्यायला सुरुवात केली, तेव्हा मात्र या वाडीची फार ओढाताण झाली. गॅसचा सिलिंडर अशा छपराखाली ठेवायची भीती, आणि रॉकेल महाग.

आता घर, कारण बाबांना त्यातच सगळ्यात रस असणार. जमिनीपासून साधारण दोन फूट उंच, खांबांवर उभं. खांब मातीत पुरलेले नसतात, सपाट दगडांवर नुसते टेकवलेले असतात. त्यामुळे ओल चढत नाही, वाळवी सहज पोचत नाही, आणि धरणीकंप झाला की खांब दगडावर थोडा सरकतो, मोडत नाही. सांधे लाकडी खुंट्यांनी आणि दोरांनी बांधलेले असतात, ते हलतात पण सुटत नाहीत. २ सप्टेंबर २००९ रोजी तासिकमलायाच्या किनाऱ्याजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. या पट्ट्यात विटा-सिमेंटची कितीतरी घरं पडली. इथली बांबूची घरं उभी राहिली. छप्पर हलकं, भिंत हलकी, त्यामुळे डोक्यावर कोसळण्यासारखं वजनच नाही.

भिंती बांबूच्या कुडाच्या. त्यांना चुन्याचा हात चालतो, रंग चालत नाही. कौलं, विटा, सिमेंट चालत नाही. सगळी घरं पूर्व-पश्चिम लांब, तोंडं उत्तरेला नाहीतर दक्षिणेला, म्हणजे समोरासमोरची दारं एकमेकांकडे बघतात. दोन दारं असतात, दोन्ही पुढच्याच बाजूला. मागचं दार नाही, कारण पुढून आलेली बरकत मागून निघून जाईल अशी त्यांची श्रद्धा. एक दार बैठकीचं, दुसरं स्वयंपाकघराचं. स्वयंपाकघराकडचा कूड मुद्दाम विरळ विणतात, त्या विणीला ‘सासाग’ म्हणतात. धूर बाहेर पडतो आणि आत काही पेटलं तर समोरच्या घरातून लगेच दिसतं. चुलीचा धूर वर छपराला लागत राहतो, त्यामुळे बांबू आणि काथ्या कोरडे राहतात, भुंगा धरत नाही. म्हणूनच रिकामं पडलेलं, चूल न पेटणारं असं घर लवकर खराब होतं.

आत खुर्ची, टेबल, पलंग काही नाही. चटईवर बसायचं, चटईवर निजायचं. हे नुसतं साधेपणासाठी नाही. दोन फुटांवरची बांबूची जमीन टेबला-पलंगाच्या चार पायांवर आलेलं वजन पेलत नाही, माणसांचं पसरलेलं वजन पेलते. आई, तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ‘गोआह’. स्वयंपाकघराला लागून धान्याची छोटी अंधारी खोली, आणि तिच्यात जायचा मान फक्त बायकांचा. घरात किती दिवसांचं भात शिल्लक आहे याचा हिशोब घरधनिणीकडे. भाताच्या देवीला सुंडा लोक न्यी पोहाची किंवा देवी स्री म्हणतात. ती आपलीच श्री. नाव भारतातून गेलं, धर्म बदलला, तरी कापणीआधी तिची आठवण केल्याशिवाय विळा चालत नाही.

विळा म्हटलं खरं, पण तो विळा नव्हे. मुठीत मावणारं छोटं पातं, त्याला ‘एतेम’ म्हणतात. बोटांच्या मध्ये धरून एकेक लोंबी खुडायची. बाबा, तुम्ही म्हणाल, अशानं एकराची कापणी कधी व्हायची? पण त्यांचं भातही वेगळं आहे. ‘पारे आगंग’ म्हणजे मोठं भात, उंच वाढणारं, पाच-सहा महिने घेणारं. त्याची लोंबी लांब असते आणि दाणा सहज झडत नाही. म्हणून लोंब्यांच्या जुड्या बांधून वाळवता येतात आणि तशाच साठवून ठेवता येतात. टरफलात, लोंबीवर राहिलेला दाणा कीड आणि बुरशीपासून बचावतो. लागेल तेवढंच काढून कांडायचं. सुधारित ठेंगणं वाण लावलं तर पीक लवकर येतं, पण दाणा कापतानाच झडतो. मग एतेम निरुपयोगी, जुडी निरुपयोगी, गोआहसुद्धा निरुपयोगी. वाण बदलणं म्हणजे हे सगळं एकदम सोडणं. म्हणून ते बदलत नाहीत.

लावणी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आणि सगळ्यांची एकाच वेळी. दोन महिन्यांच्याच नावांवरून या पद्धतीला ‘जानली’ म्हणतात. कुणी आठ-दहा दिवस पुढेमागे केलं तर तुडतुडे आणि उंदीर एका खाचरातून दुसऱ्यात जात राहतात, त्यांना वर्षभर खायला मिळतं. सगळ्यांची खाचरं एकदम रिकामी झाली की त्यांची साखळी तुटते. जावाला याचा कडू अनुभव आहे. १९७० च्या दशकात झटपट येणारी वाणं वर्षाला तीनदा लावली, औषधं वारेमाप मारली, आणि तपकिरी तुडतुड्याने पिकंच्या पिकं बसवली. औषधांनी तुडतुड्याला खाणारे कोळी आधी मेले, हे त्यामागचं कारण. शेवटी १९८६ मध्ये सरकारला भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. काम्पुंग नागाची माणसं त्या धांदलीत फारशी शिरलीच नाहीत. तुमच्याशी यावर तासभर तरी बोलणं होईल, मी तशी सोय करून ठेवते.

पाण्याची वाट बघण्यासारखी आहे. देवराईकडून झऱ्याचं पाणी येतं. बांबूच्या कुंपणापलीकडे न्हाणीघरं, धुण्याच्या जागा, संडास, माशांची तळी आणि कांडपाची झोपडी आहे. कुंपणाच्या आत फक्त घरं. घाण करणारं काहीही आत येऊ द्यायचं नाही, हा कडक नियम. कांडपाची झोपडी तळ्यावरच उभारलेली असते, म्हणजे उखळातून उडालेला कोंडा थेट पाण्यात पडतो आणि मासे तो खातात. तळ्यातलं खतावलेलं पाणी खाचरांत, खाचरांतून नदीत. काही वाया जात नाही. आई, संडासाचं मात्र आधी सांगून ठेवते: ते तळ्यावर, बांबूच्या आडोशाचे, दारं तोकडी. रात्री तिथवर कंदील घेऊन जावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम तिथे करायचा नाही. पाहुण्यांना परवानगी घेऊन राहता येतं, पण आपण सकाळी लवकर खाली उतरू, दुपारनंतर वर येऊ आणि रात्र गारुतला काढू.

उतरण्याचं बोलायचं तर रस्त्यापासून नदीपर्यंत सिमेंटच्या चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. मोजणाऱ्या प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, पण चढण बरीच उभी आहे आणि दुसरी वाट नाही, गाडी जात नाही. पाऊस झाला की पायऱ्यांवर शेवाळ धरतं. बाबा, काठी आणा, तळव्याला पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. चढताना घाई नाही, दर तीस-चाळीस पायऱ्यांवर टेकू. नाहीच जमलं तर वरून, गाडीतळाच्या खालच्या वळणावरून अख्खी वाडी आणि खाचरं दिसतात, त्यातही मन रमेल.

वाडीत वाटाड्याशिवाय फिरायचं नाही. तो गावाचाच असतो आणि वरच भेटतो. परंपरा सांभाळणारा प्रमुख म्हणजे ‘कुंचेन’. मंगळवार, बुधवार आणि शनिवारी पूर्वजांचा इतिहास, चालीरीती यांबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे. त्या दिवशी बाबा हजार प्रश्न विचारतील आणि समोरचा नुसता हसेल. म्हणून आपण गुरुवारी किंवा रविवारी जाऊ. एरवीही गाव कधी वसलं, कुणी वसवलं, हे विचारलं तर खात्रीचं उत्तर मिळत नाही. १९५६ मध्ये इस्लामी राज्यासाठी लढणाऱ्या दारुल इस्लामच्या बंडखोरांनी ही वाडी जाळली, जुन्या नोंदी त्यात गेल्या. घरं पुन्हा त्याच जागी, त्याच मापाने उभारली. कागद परत आले नाहीत.

‘हाजात सासिह’ नावाचा विधी वर्षातून सहा वेळा होतो. पुरुष चिवुलानमध्ये स्नान करतात, पांढरे अंगरखे घालून देवराईतल्या थडग्याकडे जातात, तिथे झाडलोट आणि प्रार्थना करतात. देवराईत एरवी कुणी पाऊल टाकत नाही, पडलेली फांदीसुद्धा उचलत नाही. त्यामुळे झरा आटत नाही आणि टेकडी खाली घसरत नाही. विधीचे महिने चांद्र असल्याने तारखा दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी सरकतात. विमानाची तिकिटं काढण्यापूर्वी त्या मी विचारून घेईन. देवराईकडे आणि बुमी आगंगकडे कॅमेरा वळवायचा नाही. कुणासमोरून जाताना किंचित वाकून ‘पुन्तेन’ म्हणजे ‘माफ करा’ म्हणायचं, आणि देणंघेणं उजव्या हाताने. एवढं पाळलंत की तिथली म्हातारी माणसं तुमच्याशी आपणहून बोलायला येतील.

आता जेवण. तुम्ही माळकरी, आणि इथे मुख्य अडचण मासे दिसतात त्याची नाही, न दिसणाऱ्या ‘तेरासी’ची आहे. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली, वाळवलेली वडी. ती मिरचीच्या चटणीत, आमटीत, शेंगदाण्याच्या रश्श्यातसुद्धा असते. कुरकुरीत पापडांतही बहुधा कोळंबी असते, तांदळाच्या काही पापड्यांत तेरासी असते. म्हणून ऑर्डर देतानाच ‘तान्पा तेरासी, तान्पा इकान’ म्हणायचं: तेरासी नको, मासे नकोत. वाफेचा भात, तळलेलं तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू, ‘लालाप’ म्हणजे कच्च्या पालेभाज्या आणि काकडी, एवढं निर्धास्त खा. सोबत चटणी आपली घरची. आई, शेंगदाण्याची आणि लसणाची दोन्ही आण. गोडात गारुतचं ‘दोदोल’ घ्या: चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि आरेनचा गूळ, तासन्‌तास ढवळून आटवलेलं. ज्या झाडाचा काथ्या छपरावर जातो, त्याच झाडाचा हा गूळ.

परतीच्या वाटेवर दोन ठिकाणं. गारुतच्या उत्तरेला लेलेसजवळ तळ्यातल्या बेटावर चांगकुआंगचं शिवमंदिर आहे, आठव्या शतकातलं मानलं जाणारं. ते १९६६ मध्ये उजेडात आलं आणि १९७० च्या दशकात पुन्हा उभारलं गेलं. मूळ दगड निम्म्याहून कमी सापडले, बाकीचे नवे आहेत, पण गाभाऱ्यात शिव आहे. बांबूच्या तराफ्यावरून पलीकडे जायचं. मंदिराला लागूनच एका मुस्लिम संताची कबर आणि सहा घरांची जुनी वस्ती आहे. दुसरं, गालुंगगुंग ज्वालामुखी. १९८२ मध्ये त्याच्या राखेत एका प्रवासी विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. काठावर जायला सहाशेवर पायऱ्या आहेत, म्हणून तो आपण पायथ्यावरूनच बघू.

ऑगस्ट मी मुद्दाम निवडला आहे. आपली भातलावणी उरकलेली असेल, आषाढी झालेली असेल, गणपती यायचे असतील. इकडे तेव्हा उघाडीचा मोसम असतो, आणि जुलैत लावलेलं भात खाचरांत हिरवंगार उभं असेल. नोव्हेंबरनंतर हा घाट दरडींनी अडतो. बाबांनी गुडघ्याचा पट्टा आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नको. डोक्याला बांधायची एक विजेरी आणा, संध्याकाळी उशीर झाला तर पायऱ्यांवर दिवा नसतो. तुमच्या सोयीच्या तारखा या आठवड्यात कळवा, म्हणजे मी वाटाड्याशी बोलून ठेवते.

तुमची धाकटी