संकेश्वरच्या गॅरेजवाल्या काकांना थँक्स

निपाणी सोडली आणि आमच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात खडखड चालू झाली, मागं आई बसलेली, पोटात गोळाच आला. संकेश्वरजवळ हायवेकडेच्या एका काकांनी आधी ऑईल बघितलं, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो तो पट्टा काढून जरा वेळ इंजिन चालवलं, आवाज तसाच, म्हणजे अल्टरनेटर नव्हे, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर (इंजिनातल्या टायमिंग चेनचं झाकण) टेकवून मूठ कानाला, मलापण ऐकवलं की. "चेन ढिली झालीया, ती ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतोय, त्यो दमलाय. चेन दातावरनं सुटली तर इंजिनातले व्हॉल्व्ह वाकतील, चालवू नका." नवीन इंजिन घाला म्हणून घाबरवलं नाही हे विशेष! त्यांच्या पोरानं कन्नडमधून फोनवर टोइंगवाल्याचा भाव पाडला, आईला घरात बसवून चहा दिला. पैसे? "नुसतं ऐकायचं कसलं पैसं?" काका, चेन-टेन्शनर-गाईड सगळं बदललं, तुमचं बरोबर निघालं. लई आभार, पोराचेपण.