अर्ध्या बाटलीबद्दल

जळगाव,
१० मे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस म्हणून मी फार ताणलं नाही. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "सबमिशन करून गेलेल्या सिनियरच्या कपाटात ईथरची अर्धी बाटली आहे, नवीन ऑर्डर येईपर्यंत तीच वापरते." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तुझे बाबा म्हणाले, पीएचडी करणाऱ्या मुलीला तू काय शिकवणार? मी म्हटलं, मेकॅनिझम ती मला शिकवेल, पण बाटल्यांचं मला विचारावं. प्रयोगशाळा सहायकाची नोकरी म्हणजे बाटल्या उचलायच्या, पुसायच्या आणि त्यांना लेबलं लावायची.

तर आधी हे: ती बाटली उघडू नकोस. जागेवरून हलवूही नकोस.

भरलेल्या बाटलीपेक्षा अर्धी बाटली वाईट. ईथर हे भरकन उडणारं द्रावक हवेतला ऑक्सिजन हळूहळू ओढून घेतं, उजेडात जरा लवकरच, आणि त्यातून पेरॉक्साइड तयार होतं, धक्क्याने किंवा घर्षणाने फुटणारं स्फोटक. अर्ध्या बाटलीत वरची सगळी जागा हवेचीच, आणि दर वेळी झाकण उघडलं की ताजी हवा आत. त्यात ईथर उडून जातं, पेरॉक्साइड उडत नाही. म्हणून बाटली जसजशी खाली जाते तसतसं उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. कंपनी ईथरमध्ये बीएचटी, म्हणजे पेरॉक्साइड बनणं रोखणारं रसायन, घालून पाठवते, त्याने हे लांबतं, कायमचं थांबत नाही. आणि त्या सिनियरने ग्रिन्यार्डसाठी (मॅग्नेशियम घालून करतात ती, पाण्याचा अंशही न चालणारी रिॲक्शन) ते डिस्टिल करून, म्हणजे उकळून वाफ पुन्हा गार करून, कोरडं करून ठेवलेलं असेल, तर बीएचटी फ्लास्कमध्येच मागे राहिला. मग त्या बाटलीला राखण करणारं कुणीच नाही. झाकणाच्या आट्यांत पेरॉक्साइड वाळून बसलं असेल तर झाकण पिळताना होणारं घर्षणही स्फोटाला पुरतं. लांबून बघ: झाकणापाशी पांढरट खडे, तळाशी स्फटिक किंवा घट्टसर थर दिसला, तर दार लाव, बाकीच्यांना तिथून दूर ठेव आणि सेफ्टी ऑफिसरला बोलाव.

काहीच दिसलं नाही, तरी उघडल्याची तारीख लिहिलेली आहे का? नसेल तर ती बाटली जुनीच समजायची. साधारण रीत अशी की न उघडलेलं ईथर वर्षभर ठेवावं, आणि एकदा उघडलं की तीन महिने, फार तर सहा. माझ्या हाताखालच्या बाटल्यांवर दोन तारखा असतात, आल्याची आणि सील फोडल्याची, मार्करने आणि वरून सेलोटेप, कारण ईथरच्या ओल्या हाताने मार्कर पुसला जातो.

आपल्या घरात काही वाया घालवायचं म्हणजे जिवावर येतं. तेलाची पिशवी उभी कापून आतलं तेल निपटून घ्यायचं, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, हे बघतच तू मोठी झालीस. ते स्वयंपाकघरात शोभतं. ईथरच्या बाबतीत हीच काटकसर गोत्यात आणते. मी ज्या ज्या प्रयोगशाळा पाहिल्या त्या सगळ्यांत खालच्या फळीवर, मागच्या रांगेत, "अजून आहे की" म्हणून ठेवलेली एखादी बाटली सापडतेच. रजिस्टरला शिल्लक दाखवलेली असते. टाकून दिली तर ऑडिटला उत्तर कोण देणार? म्हणून ती या हातातून त्या हातात चार्जमध्ये जात राहते. रजिस्टरची शिल्लक जुळवण्यासाठी लोक कपाटात स्फोटक सांभाळतात, आणि याला शिस्त म्हणतात! यावर खरा उपाय मागवतानाच करायचा. अडीच लिटरच्या जागी पाचशे मिलीची बाटली मागव. लिटरमागे महाग पडेल, सर कुरकुर करतील. करू देत.

ताजी, तारीख असलेली बाटली असेल तर वापरण्याआधी तपासायची. टेस्ट ट्यूबमध्ये एक मिली ईथर, तेवढंच ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड. हलवून मिनिटभर थांब. पिवळं झालं तर पेरॉक्साइड आहे, तपकिरी झालं तर भरपूर आहे. शेजारी एका ट्यूबमध्ये नुसतं ॲसिड आणि आयोडाइड ठेव, कारण ते मिश्रण हवेनेही थोड्या वेळात पिवळं पडतं आणि उगाच घाबरायला होतं. तुमच्याकडे पेरॉक्साइड तपासायच्या पट्ट्या मिळत असतील तर आणखी सोपं. पेरॉक्साइड शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) वर गेलं की ते ईथर वापरातून बाद. आणि डिस्टिल करताना फ्लास्क कधीही कोरडा पडू द्यायचा नाही, तळाला चांगला पाचवा हिस्सा राहू दे. जुन्या पिढीतल्या लोकांचे डोळे आणि बोटं गेली ती बहुतेक त्या शेवटच्या घोटापायी. टीएचएफ आणि डायऑक्सेन ही द्रावकं याच जातीची, आयसोप्रोपिल ईथर तर सगळ्यांत खोडकर. त्यांनाही हेच लागू.

आता आगीचं. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि पंख्याखालची खोलीही ३८ च्या खाली येत नाही. पुस्तकात ‘रूम टेंपरेचर’ लिहिणाऱ्याची रूम खानदेशात नव्हती, एवढं नक्की. आम्ही उन्हाळ्यात बाटली बर्फाच्या टबात गार केल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. तुझ्या लॅबला एसी आहे, पण सुटीच्या दिवशी तो बंद असतो, हे ध्यानात ठेव.

पण गार केलं म्हणजे पेटणार नाही, असं नाही. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, उणे ४५ अंश. फ्रिजमध्येसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ असतेच, आणि घरगुती फ्रिजचा थर्मोस्टॅट आत ठिणगी टाकतो. बंद पेटीत वाफ साठलेली आणि त्यात ठिणगी. म्हणून साध्या फ्रिजमध्ये ईथर ठेवायचं नाही, रात्रीपुरतंही नाही. ज्योत तरी कुठे लागते? १६० ते १८० अंशांपर्यंत तापलेला पत्रा पुरतो. हॉट प्लेट बंद केल्यावर लाल दिवा विझतो, प्लेट मात्र बराच वेळ तेवढीच तापलेली असते.

ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड. सिलिंडरचा गॅस गळला की तो जमिनीलगत पसरतो, तशीच ही टेबलावरून सरपटत जाते, कडेवरून खाली उतरते आणि समोरच्या टेबलाखाली पोचते. आमच्याकडे एका प्रॅक्टिकलला या टोकाला मुलं ईथरने एक्स्ट्रॅक्शन करत होती आणि पार त्या टोकाला कुणीतरी बर्नर पेटवला. निळी ज्योत टेबलावरून धावत बीकरपर्यंत आली. बीकरवर वॉच ग्लास उपडी ठेवली आणि ती विझली. कुणाला इजा झाली नाही, पण मुलांना ‘फ्लॅश बॅक’ पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. अशा आगीवर पाणी ओतू नकोस, ईथर पाण्यावर तरंगतं आणि जळतच पसरतं. झाकण, नाहीतर पावडर किंवा सीओटू. सोडियम किंवा मॅग्नेशियम पेटलं असेल तर मात्र सीओटूही नाही, कोरडी वाळूच. उरलेलं ईथर सिंकमध्येही ओतू नकोस. नळीतून वाफ कुठल्या मजल्यावर निघेल, सांगता येत नाही.

सेपरेटिंग फनेलचं, म्हणजे न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायच्या भांड्याचं, तुला येतं, तरी सांगते. ईथर घातल्यावर पहिल्यांदा हलवायचं नाही, नुसतं एकदा उलटं करायचं, स्टॉपर तळहाताने दाबून, आणि दांडी वर आली की लगेच तिचा स्टॉपकॉक (तोटी) उघडायचा. तळहाताच्या उबेनेच आत दाब तयार होतो. बायकार्बोनेटने धुताना तर कार्बन डायऑक्साइडची भर. दांडीचं तोंड हुडच्या, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, आत, भिंतीकडे, शेजारणीच्या डोळ्यांकडे नाही. फुस्स आवाज बंद होईपर्यंत असं करत राहायचं, मगच जोरात हलवायचं. बोटांवर ईथर सांडलं तर एकदम गारठा जाणवेल आणि कातडी पांढरट कोरडी होईल. वासाने डोकं जड वाटलं, झोप यायला लागली, तर समज की हुड ओढत नाहीये. १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने हेच ईथर हुंगवून रुग्णाला झोपवलं होतं, मग तू कोण? पुढे ऑपरेशन थिएटरात विजेची यंत्रं आली आणि ईथर तिथून मागे पडलं, त्यात त्याच्या पेट घेण्याच्या खोडीचा मोठा वाटा होता.

ग्रिन्यार्डची मला खरी काळजी आहे, कारण तुझा स्वभाव. मॅग्नेशियमचे टर्निंग्ज, कोरडं ईथर, आयोडीनचा खडा, सगळं घातलं आणि काहीच घडत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तपकिरी रंग तसाच. मग माणूस कंटाळून हॅलाइडची (मॅग्नेशियमवर सोडायच्या दुसऱ्या रसायनाची) धार मोठी करतो. इथेच घात होतो. सुरू झालं की साठलेलं सगळं एकदम पेटून उठतं, ईथर आपल्याआपण खदखदायला लागतं आणि कंडेन्सर त्याला पुरत नाही. आधी थोडंसंच हॅलाइड घाल, रंग जाऊन गढूळपणा आला, बुडबुडे दिसले की मगच थेंब थेंब. बर्फाचा बाथ आधीपासून शेजारी भरलेला हवा. आणि कंडेन्सरमधून पाणी चालू आहे ना, हे अधूनमधून बघ. आमच्याकडे नळ कधी जाईल त्याचा भरवसा नसतो, तुमच्याकडे चिलर असेल, पण त्याची नळी निसटू शकते. रात्री एकटीने हे लावू नकोस.

कपड्यांचं वाचून तू हसशील. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक २३ वर्षांची मुलगी सिरिंजने टर्ट-ब्यूटिल लिथियम काढत होती. ते हवा लागताच पेटतं. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगावर लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. ती पुढच्या जानेवारीत गेली. त्या प्रकरणात प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर फौजदारी खटला झाला, पण त्याचा तिच्या आईला काय उपयोग? नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. तेव्हा लॅबमध्ये सुती कपडे, सुती कोट, बटणं लावलेला, पूर्ण बंद बूट. ओढणी कोटाच्या वरून घेतात मुली, ती नकोच, बाहेर खुंटीला अडकव. केस बांधलेले.

उद्या सकाळी सरांना मेल कर. तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं कॉरिडॉरमध्येच विरतं. एवढंच लिही: अमुक कपाटात, अमुक फळीवर, डायएथिल ईथरची अर्धी बाटली आहे, उघडल्याची तारीख नाही, पेरॉक्साइड असण्याची शक्यता आहे, मी ती हलवलेली नाही, कृपया विल्हेवाटीची व्यवस्था करावी. सेफ्टी ऑफिसरला कॉपी ठेव. सिनियरचं नाव घालू नकोस, भांडण नको. कुणी म्हणालं, "अगं, आम्ही वर्षानुवर्षं असंच वापरतो," तर वाद घालू नकोस आणि वापरूही नकोस. आठवडाभर तुझी रिॲक्शन थांबेल. थांबू दे.

मेल गेला की मला मेसेज टाक.

तुझी,
आई

ता. क. तुझा नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे, बाजूंनी तो उघडा असतो. चष्म्यावरून घालायचे मिळतात, तसे दोन घे. पैसे बाबांनी टाकलेत.