नाथसागर काठची पाहणी : सदस्यांना सूचना

सदस्यहो, उन्हाळ्यात नाथसागराचं (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं) पाणी उतरलं की गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर पेरायच्या) जमिनी आणि बुडालेल्या जुन्या पांढऱ्या, म्हणजे जुन्या वस्त्यांची पांढुरक्या मातीची टेकाडं, उघड्या पडतात. पैठण तालुक्यात आपेगावला उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातली) वस्ती निघालेली आहे, म्हणून या पट्ट्यात डोळे उघडे ठेवूनच चला.

दिसलेली वस्तू उचलू नका. शेजारी १० सेंमीची पट्टी ठेवून दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या खुणांसह. अक्षांश-रेखांश तिथेच वहीत लिहा. जागा हरवली की हातात नुसता दगड उरतो.

गारगोटीच्या पात्यांत, म्हणजे हत्यार म्हणून काढलेल्या लांबट धारदार कपच्यांत, हमखास फसगत होते. गोदेच्या वाळूत अकीक, गारगोटी भरपूर, आणि नांगराच्या फाळानेही कपच्या उडतात. माणसाने काढलेल्या पात्याला घाव बसलेल्या टोकाशी बारीक फुगवटा असतो, पाठीवर आधीच्या कपच्यांच्या समांतर कडा दिसतात. भिंग आणाच.

जोर्वे खापर, म्हणजे ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीच्या मडक्याचा तुकडा, तांबडं, पक्क्या भाजणीचं, वर काळी नक्षी. घासू किंवा धुऊ नका, रंग जातो.

पांढरीची माती शेतात टाकायला कुणी उकरून नेत असेल तर पुरातत्त्व विभागाला लगेच कळवा.

गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, कमरेपर्यंत रुतायला होतं. काठी टेकवत चला, एकट्याने उतरू नका.